पाच कमानी आणि कूलरची मोटर

गोंदियाजवळच्या आमच्या कामठ्यात बिसराम मेश्रामबद्दल एक गोष्ट सांगतात. सगळ्यात रंगवून सांगतो तो सडकेवरच्या मोरीच्या पुलाजवळचा पानठेलेवाला केवलराम. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि तो गळू नये म्हणून हनुवटी वर. त्यामुळे तो बोलतो आपल्याशी आणि बघतो आभाळाकडे. "आपल्या सख्ख्या पोराले करंट देऊन मारलं गा त्यानं! आन् पाचव्या कमानीच्या खड्ड्यात पुरलं. नाही तं दरसाल तितंच काऊन गाडते कमान? दुसरी जागा नाही का?"

मी तो खड्डा पाहिला आहे. हातभर खोल. त्यात तो पोरगा, राजदीप, तर सोडाच, बसलेली कोंबडीही मावायची नाही. राजदीप जिवंत आहे, नागपूरला फर्निचरच्या कारखान्यात आहे, आणि हे मला पक्कं माहीत आहे, कारण आमच्या गल्लीत फोन आमच्याच घरी आहे. तो फोन करतो तेव्हा "हॅलो" म्हणायच्या आधी घसा खाकरतो, एकदाच, आखूड. बापासारखाच.

करंट वगैरे काही नाही. बापानं एक थापड मारली होती. एकच. पण कुठे मारली, ते ऐका.

बिसरामकाकाजी लग्नातले लायटिंगवाले. उंच, वाळलेले, समोरचा एक दात नाही, त्यामुळे 'स' आला की शिट्टी वाजते. बल्बशी बोलायची सवय. एक दाणा, म्हणजे माळेतला बारका बल्ब, पेटला नाही की सगळी माळ अंधारी होते, मग काकाजी एकेका दाण्याला चिमटीत धरून विचारणार, "काऊन गा, तुले का झालं? तू काऊन नाही जळत?" आणि सापडला की, "हा पाय साला! चुपचाप बसला होता!" हे मी शाळेत करून दाखवते तेव्हा मास्तरसुद्धा तोंड वळवून हसतात.

२००१ साली त्यांना गोंदियाच्या छोटेलाल शेठच्या पोरीचं लग्न मिळालं. त्यासाठी त्यांनी बांबूच्या पाच कमानी केल्या. बांबू भिजवून वाकवले, त्यावर माळा गुंडाळल्या. पंचशील ध्वजाचे पाच रंग: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. शेठला त्यातलं काही कळणार नव्हतं, त्याला नुसते रंगीत दिसणार होते. केशरी रंग बाजारात मिळाला नाही म्हणून त्यांच्या बायकोनं, धुरपताकाकीनं, लाल आणि पिवळी नेलपॉलिश मिसळून अडीचशे दाणे एकेक करून बुडवले.

या कमानी नुसत्या पेटून राहणाऱ्या नव्हत्या. उजेड चालायचा. लाटण्याएवढा लाकडी रूळ, त्यावर तांब्याच्या पट्ट्या जिन्यासारख्या चढत गेलेल्या, आणि रुळाला टेकलेल्या पितळेच्या पाच जिभा. रूळ फिरला की एकेका जिभेला पट्टी लागते आणि एकेक कमान पेटत जाते. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. म्हणजे उजेड रस्त्यावरून पाहुण्याचं बोट धरून मांडवात येतो. रूळ फिरवायला मोटर होती मोडक्या कूलरची. कूलरच्या तोंडाच्या पट्ट्या हलवते ना, ती मुठीएवढी.

काकाजींनी मांडणी केली, तारा जोडल्या राजदीपनं. अठरा वर्षांचा होता. दुपारी बटण दाबून पाहिलं, उजेड आत गेला, सगळे खुश. सांजेला वरात दारात आली, काकाजींनी बटण दाबलं, आणि उजेड निघाला मांडवातून रस्त्याकडे. पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. बाहेर. पुन्हा बाहेर.

वरातीत हशा पिकला. छोटेलाल शेठचा आवाज नाकातला, आणि रागावला की अजून वर चढतो. "अरे बिसराम! बारात को भगा रहा है क्या? रास्ता दिखा रहा है वापस जाने का?"

काकाजींनी मागे वळून, बँडवाल्यांसमोर, वरातीसमोर, राजदीपच्या कानाखाली मारली. "उलट्या तारा जोडल्या! एक काम धड नाही येत!"

राजदीप म्हणाला, "बाबा, मी बरोबर जोडल्या." बस्स. मारलेल्या गालाला हातही लावला नाही म्हणतात. त्याच रात्री गोंदिया स्टेशनवरून गाडीत बसला.

लोक इथवर सांगतात. पुढचं धुरपताकाकीनं मला सांगितलं.

कमानी घरी परत आल्या. पावसाळ्यात काकाजी पडवीत बसून ती मोटर तपासत होते. बटण दाबलं, रूळ एका अंगाला फिरला. बंद केलं, पुन्हा दाबलं, रूळ उलटा फिरला. कुठलीही तार हलवली नव्हती. काकाजींनी पुन्हा दाबलं. काकी बाजूला तांदूळ निवडत होती, तिनं खडे बाजूला ठेवून मोजायला सुरुवात केली. चाळीस वेळा दाबलं. तेवीसदा आत, सतरादा बाहेर. ती मोटरच तशी. सुरू होताना कुठल्या अंगाला फिरायचं ते तिचं तिलाच ठाऊक नसतं. कूलरच्या पट्ट्या इकडून गेल्या काय, तिकडून गेल्या काय, वारा तोच. म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काकाजी उठले नाहीत. मोटर हातात धरूनच म्हणाले, "पोरानं तारा बरोबर जोडल्या होत्या व."

"मंग सांगा त्याले," काकी म्हणाली.

"सांगून का होते? दाखवीन. या माह्या हातानं बटण दाबीन अन् दाखवीन."

आठ वर्षं हेच. दरसाल बुद्धपौर्णिमेला काकाजी आपल्या घरासमोर, रस्त्यापासून दारापर्यंत, त्या पाच कमानी गाडायचे. तीच मोटर. लोक सांगायचे, "काकाजी, दुसरी मोटर लावा, गोंदियाले मिळते." मीही सांगितलं. तर शिट्टी वाजवत म्हणाले, "सरळ मोटर लावली, मंग त्याले दाखवू का? माहं तोंड? साक्षीदार बदलते का कोनी?"

त्यामुळे सांज झाली की ते बोर्डाजवळ उभे. बटण दाबायचं, उजेड बाहेर पळाला की बंद करायचं, पुन्हा दाबायचं, आत आला की सोडायचं. लोडशेडिंगवाल्यांची कृपा अशी की एका संध्याकाळी तीनतीनदा हा खेळ. बोर्डाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माझ्या धाकट्या भावानं एकदा लावला तर दोन वर्षं त्याला अंगणात येऊ दिलं नाही.

आणि फोनवर? काकी यायची, पदर डोक्यावर घेऊन, जणू समोर सासरा बसला आहे. रिसीव्हर उलटा धरायची. मी सरळ करायची. मग गाव हलेल एवढ्या आवाजात, "राजदीप! मोटरीची चूक होती बाप्पा! तुही नाही!"

तिकडून आखूड खाकरणं. "मंग बाबाले सांगू दे ना, माय."

काकाजी आमच्या दारापर्यंतही यायचे नाहीत. बोलायचं एका वाक्याचं काम, आठ वर्षांत दोघांकडून झालं नाही. मी एकदा वैतागून काकाजींच्या आवाजात राजदीपला सांगूनच टाकणार होते. खाकरलेही. मग भीती वाटली. खरंच वाटलं असतं त्याला.

२००९ च्या पौर्णिमेच्या सकाळी फोन आला. "साक्षी, मायले सांग, गाडीत बसून राहिलो. सांजेपर्यंत येतो."

मी चप्पल न घालताच धावले. काकी मटकन ओट्यावर बसली. काकाजी चौथी कमान गाडत होते. खड्ड्यात दगड ठोकत राहिले.

"काकाजी, राजदीपदादा येऊन राहिला!"

"नाही येत तो."

"स्वतः बोलला माह्याशी!"

"बोलते. येत नाही."

"लावता पैज?"

दगड थांबला. काकाजींनी खालून माझ्याकडे पाहिलं, एखादा न पेटणारा दाणा पाहावा तसं. "लाव. आज या पाचही कमानीखालून चालत घरात आला, तं तू जिंकलीस. मंग विहारात, सगळ्या गावासमोर, माही नक्कल कर. मी पुढं बसून पाहीन. अन् नाही आला, तं पुढच्या पौर्णिमेलोक माहा आवाज काढाचा नाही. समजलं?"

'समजलं'मधल्या 'स'ची शिट्टी लांब वाजली. मी हात पुढे केला. मला वाटलं, म्हाताऱ्याला हरायचंच आहे, म्हणून असली पैज लावतो. आता तसं वाटत नाही. पोरगा आलाच नाही, तर निदान पैज तरी जिंकावी, अशी त्यांनी सोय करून ठेवली होती.

सात वाजता त्यांनी बटण दाबलं. पहिल्याच दमात उजेड आत. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, दार. काकी म्हणाली, "पाहिलं का! आपोआप आला." काकाजी म्हणाले, "मोटर आहे ते, जोतिषी नोहे." पण हसले. पडलेल्या दाताची फट दिसली. विहारातून खीर आली होती, त्यातली एक वाटी काकीनं झाकून ठेवली.

वीस मिनिटांनी लाईन गेली.

अंधारात काकाजी थोडा वेळ बोर्डाजवळ उभे राहिले. मग जे आठ वर्षांत केलं नव्हतं ते केलं. गमछा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "अंधारात येईन बिचारा. म्या जातो बसस्टॉपकडे." जाताना वळून, "बोर्डाले हात नका लावू कोनी." आणि मोरीवरून न जाता, जवळची म्हणून शेताची वाट धरली.

काकी रडायलाच लागली. सुखानं.

दहाएक मिनिटांत लाईन आली. रूळ घरघरला. आणि उजेड बाहेर निघाला. केशरी, पांढरा, लाल, पिवळा, निळा, रस्ता. पुन्हा केशरी. दारातून उठून रस्त्यावर जात राहिला, कुणाला घालवून दिल्यासारखा.

मी बोर्डापासून दोन हातांवर होते. हात उचलला.

"नको व," काकी म्हणाली. "त्यायनं सांगतलं नं. ते करतीन आल्यावर."

मी हात खाली घेतला. काकाजी परतले तेव्हा पाऊण तास झाला होता. एकटेच. वाटेतूनच त्यांना उजेडाची दिशा दिसली असणार, कारण शेवटचा तुकडा ते धावत आले. बटण बंद केलं, दाबलं. बाहेर. बंद केलं, दाबलं. आत. मग बोर्डाला पाठ टेकून उभे राहिले. शेवटची बस गेल्याचा हॉर्न ऐकू आला. झाकलेली खीर सकाळी काकीनं गाईला घातली.

सकाळी केवलराम आभाळाकडे बघत म्हणाला, "काल लाईन आल्यावर एक पोरगा उतरला ना मोरीवर. जीपमधून. हातात बॅग. उभा राहिला, उभा राहिला, तुमच्या लायटिंगकडे पाहत. मंग त्याच जीपनं परत! राजदीपच होता, सांगतो ना मी."

"काका, त्याले तं तुम्ही पाचव्या खड्ड्यात पुरलं होतं," मी म्हणाले. केवलरामचा खर्रा गळाला. पुरलेला पोरगा जीपमधून उतरवणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नव्हता. नऊ वाजेपर्यंत.

नऊला फोन आला. खाकरणं. काकीला बोलावलं, रिसीव्हर सरळ करून दिला, आणि कान जवळच ठेवला.

"माय, नाही जमलं व. मालकानं सुट्टीच नाही देली. नागपुरातच आहो."

"बरं बाप्पा. जेवला का?"

"जेवलो."

त्याच्या आवाजामागे एक बाई हिंदीत बोलत होती. स्टेशनवरची. ती मला तोंडपाठ आहे, शाळेत मी तिचीही नक्कल करते, गाडीच्या नावाआधी थांबते तिथं थांबते. ती म्हणत होती, "बालाघाट की ओर जानेवाली पैसेंजर". नागपूरच्या स्टेशनवर कोण बालाघाटची पॅसेंजर पुकारतो? ती सुटते आमच्या गोंदियातून.

काकीनं फोन ठेवला. "नागपुरातच होता बिचारा," ती म्हणाली. "बरं झालं. म्हणजे त्यानं पाहिलं नाही." मी तशीच काकाजींकडे गेले.

काकाजी अंगणात दाणे उतरवत होते. एकेक काढून भुशाच्या डब्यात. कुणाशी बोलत नव्हते, बल्बशीही नाही. मी शेजारी बसले आणि हळूच सगळं सांगितलं: जीप, मोरी, बालाघाट पॅसेंजर.

हात थांबला नाही. केशरी दाणे संपले, पांढरे सुरू झाले.

"म्हणजे आला होता, काकाजी. मोरीपर्यंत आला होता. अजून स्टेशनवर असन. जा ना. आताच जा."

"नागपूरची नऊची गाडी साडेनऊले जाते. सायकलनं गोंदिया होते का अर्ध्या घंट्यात?"

"मंग फोनवर तरी सांगा, पुढच्या वेळी. अन् ती मोटर फेका हो!"

"फेकून का दाखवू त्याले?" मग एक दाणा डब्यात टाकत, माझ्याकडे न बघता, "कमानीखालून आला का?"

"नाही."

"पाचही?"

"एकीखालूनही नाही."

"मंग हारलीस."

'स'ची शिट्टी वाजली. एरवी मी तिथल्या तिथं परत वाजवून दाखवली असती. ओठ जुळलेही होते. मी तोंड मिटलं, डबा पुढे ओढला आणि निळे दाणे उतरवायला घेतले.