समोरच्या गॅरेजात गेलेली लाल गाडी

आमच्या काकाचं एक वाक्य कुणालाही हुबेहूब म्हणून दाखवता येतं. कान समोरच्या गॅरेजकडे, डोळे मुद्दाम भलतीकडे, आणि आवाज अगदी अलिप्त: "नाही म्हणजे, मला काय त्याचं."

लाल गाडी समोर गेली तेव्हा तर त्याने हे इतक्या वेळा ऐकवलं, की काकूच ते आधी म्हणून मोकळी व्हायची.

काका मेकॅनिक. गल्लीत त्याला मोठा पाना म्हणतात. छोटा पाना म्हणजे काकूचा धाकटा भाऊ. तो काकाच्या हाताखाली शिकला आणि बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे, स्वतःचं गॅरेज थाटून बसला. तेही काकाने गिळलं. पण दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी समोर गेली, ते काही घशाखाली उतरेना.

बाईंच्या वडिलांची ती जुनी स्पोर्ट्स कार. दोनच सीट, लांबलचक नाक, आणि भाषणाआधी घसा खाकरणाऱ्या अध्यक्षांसारखा आवाज. इतकी वर्षं काकाच तिचा डॉक्टर. इंजिन धूर ओकायला लागलं तरी म्हणायचा, काढेल अजून एक हिवाळा. शेवटी बाई कंटाळल्या. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं धडधाकट इंजिन त्यांनी मिळवलं आणि बसवायला दिलं छोट्या पान्याला. काकाला म्हणाल्या, तुम्ही तिचे फार लाड करता.

मग काकाच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी सतरा नंबरचा पाना मागायला. आमच्या भिंतीवर तसे तीन लटकत होते. मग तो परत द्यायला. दर फेरीला बातमी: इंजिन साखळीवर झोके घेतंय, रबरी नळी वाकडी बसवलीय, बॉनेटवर नवा ओरखडा आहे. तो ओरखडा काकाचाच होता, हे काकूला ठाऊक. "अहो," ती म्हणाली, "सासरी गेलेल्या मुलीला तरी कुणी इतकं बघायला जातं का?"

एका सकाळी इंजिन सुरू झालं. एकदम मऊ, एकसारखं. काकाचा चेहरा पडला. शिवणयंत्रासारखं वाजतंय, म्हणाला, आणि ते शिवी दिल्यासारखं म्हणाला. तेवढ्यात छोट्या पान्याने पहिला गिअर टाकला. कर्रर्र. पुन्हा टाकला. पुन्हा कर्रर्र.

काकाच्या चेहऱ्यावर दिवा लागला. त्या दुपारी त्याने दोनदा मागून वाढून घेतलं. आता बाई गाडी ओढत इकडेच आणणार, यात त्याला शंका नव्हती. जेवण झाल्यावर तो रस्ता ओलांडून सांत्वनाला गेला.

छोटा पाना गाडीखाली होता, बाहेर नुसते पाय. क्लच प्लेट उलटी बसली असेल, म्हणून गिअर ओरडतोय, काका मधाळ आवाजात म्हणाला.

"शक्यच नाही, दाजी," पाय म्हणाले. "तुम्ही गेल्या वर्षी घातलेलीच प्लेट आहे, अजून नव्यासारखी, म्हणून तीच लावली. तुमचा पांढरा ठिपका इंजिनाकडे ठेवला. ठिपका दिसल्यावर आणखी काय बघायचं?"

काकाची ही पद्धतच. प्रत्येक प्लेटला इंजिनाकडच्या बाजूला रंगाचा एक ठिपका, म्हणजे पुढच्याला डोकं चालवायला नको. फक्त या एका प्लेटला, बाईंशी गप्पा मारता मारता, ठिपका दुसऱ्या बाजूला लागला होता. बसवताना लक्षात आलं, त्याने प्लेट बरोबर बसवली, पण ठिपका तसाच ठेवला. ही गाडी दुसरं कोण उघडणार होतं?

काका त्या दोन पायांकडे बघत राहिला. गप्प बसला असता तर गाडी परत आली असती. एक पाय निवांत हलत होता. ठिपक्यावर त्या पायाचा एवढा भरवसा.

"ठिपका चुकीच्या बाजूला आहे," तो शेवटी म्हणाला. "इंजिन काढ."

पाय थांबला. "चुकीच्या बाजूला कुणी लावला?"

"नाही म्हणजे, तुला काय त्याचं."

दोघांनी मिळून इंजिन पुन्हा साखळीवर चढवलं. जुना ठिपका काकाने स्वतः चिंधीने घासून काढला, नवा लावला, आणि साखळी ओढताना मेव्हण्याला तीन चुका दाखवल्या. मेव्हणा हसला नाही. फार कष्टाने.

बाई गाडी घेऊन निघाल्या तेव्हा गिअर लोण्यासारखा पडला. त्यांनी छोट्या पान्याचं तोंडभरून कौतुक केलं. काका आपल्या शटरपाशी हात पुसत उभा होता, हात स्वच्छ असून. कोपऱ्यावर गाडीने हॉर्न दिला.

"हॉर्न मी बसवलेला आहे," तो म्हणाला.

काकूने काहीच विचारलं नव्हतं.