मी बोललेच नव्हते

भिवंडीकरांनो, आम्ही सोलापूरला बहिणीकडे आलोय, म्हणून आज बाबांना आदिलशाहीची राजधानी दाखवायला विजापूरला नेलं. खास आमच्या दोघांसाठी गाईड केला. बाबा सकाळपासून त्याच्या तोंडाकडे बघत मान डोलवत होते. गाईड एकदम खूश.

गोलघुमटाच्या वरच्या गॅलरीत त्याने बाबांना भिंतीला कान लावून उभं केलं आणि मला समोरच्या बाजूला पाठवलं. म्हणाला, "हळू बोला ताई, त्यांना साफ ऐकू जाईल."

जिने चढून मला धाप लागली होती. मी तोंड उघडायच्या आतच भिंतीतून बाबांचा आवाज आला, "हाय, आयकू आला पोरी! साफ आला!"

मी काही बोललेच नव्हते.

उतरताना मागून तीनदा हाक मारली. वळले नाहीत.

तीस वर्षं लूमवर, यंत्रमागाच्या खडखडाटात काढलीत त्यांनी. आम्ही बोलताना एकटक तोंडाकडे बघतात, मला वाटायचं कौतुकाने बघतात. टीव्हीचा आवाज वाढवला की मी खेकसायचे. आता स्वतःचाच राग येतोय.

तुमच्याही घरात लूमवर राबलेलं कुणी असेल. आज त्यांना एकदा पाठीमागून हाक मारून बघाल?