डोंगर नसलेल्या जिल्ह्यात हँग ग्लायडर

नागपूर सोडलं तेव्हा जीपच्या टपावर सरांचा हँग ग्लायडर होता आणि मागच्या सीटवर मी बनवलेली विजेची मोटर. सर म्हणजे आमच्या क्लबचे प्रशिक्षक. मोटरने ग्लायडर जमिनीवरून उचलला, तर चाचण्यांसाठी तो उन्हाळाभर माझ्याकडे राहणार, असं ठरलं होतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावाला उडी घ्यायला डोंगर नाही, सगळी धानाची सपाट जमीन. म्हणून तर मोटर.

जवाहरनगरपाशी कारखान्याच्या बसमागे अडकलो, तेव्हा सर म्हणाले, "बॅटरी मागे ठेव, मोटरजवळ. वायर कमी लागेल."

"मागे जड झालं तर धावताना शेपूट बसेल, सर. पंखा जमिनीला लागेल."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून उडतोय मी."

ग्लायडर त्यांचा. बॅटरी मागे गेली.

वरठीला झणझणीत तर्री-पोहे खाल्ले. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला बरं वाटलं.

मोहाडीच्या पुढे आमचं गाव. बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या लहान शेतात) धावता येत नाही, दर थोड्या पावलांवर बांध आडवा. म्हणून आटलेली बोडी (लहान तलाव) निवडली. पायलट ग्लायडरखाली झोळीत लटकतो. मोटर आणि पंखा झोळीच्या मागच्या टोकाला, म्हणजे शेपटाला. मला तशी जुंपलेली बघून मामा म्हणाले, "इतकी शिकली अन् धावून काहून राहिली वो?"

"धावल्याशिवाय उडता येत नाही, मामा."

"मंग आमच्या कोंबड्या काहून नाही उडत?"

जमलेले सगळे हसले. मी धावले. शेपूट बसलं, पंखा ढेकळाला घासला, पातं तुटलं.

सर माझ्याकडे न बघता मामांना म्हणाले, "गावठी जुगाड. असंच होणार."

जुगाड! मोटर किती ओढेल, बॅटरी किती तापेल, किती ओझं घेऊन मी धावू शकेन, सगळं मी गणित करून ठरवलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. हीच वस्तू परदेशातून खोक्यात आली असती, तर तिला तंत्रज्ञान म्हटलं असतं. आम्ही केलं की जुगाड.

"बॅटरी मी छातीशी घेतेय," मी म्हणाले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. लांब, जाड वायर आणलेलीच होती. जास्तीचा पंखा एकच होता, तो लावला. मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर तापला होता, तो सावलीत निवू दिला आणि पुन्हा धावले. या वेळी झोळी सरळ राहिली. पाय जमिनीला लागेनासे झाले, बोडीची पाळ खालून गेली, पळसाचे शेंडे गेले, आणि पलीकडच्या बांधीत मी गुडघ्यांवर उतरले.

"उडली ना वो पोरी!" मामा ओरडत आले.

मागून सर, हातात मोबाइल. "व्हिडिओ टाकतोय. 'आपल्या क्लबने बनवलेली मोटर.' ग्लायडर ठेव तू."

"क्लबने नाही, मी बनवली. माझं नाव लिहा."

"नावाचं काय एवढं? क्लब तुझाच ना?"

"तुटली तेव्हा गावठी होती. उडाली तर क्लबची झाली?"

सर हसले आणि टाइप करत राहिले. मी ग्लायडरची घडी केली आणि मामांना हाताशी घेऊन तो जीपच्या टपावर बांधला.

"अगं, ठेवायचा ठरलाय ना?"

"न्या, सर."

जड बॅटरी मामांकडे ठेवून वरठीहून पॅसेंजरने नागपूरला परतले. मोटर मांडीवर होती. ग्लायडरशिवाय ती नुसतं ओझं आहे, आणि दुसरा कधी मिळेल हे माहीत नाही. रागात घाई केली का, हेही स्वतःला विचारून झालं. समोरच्या बाईने मोटरकडे बोट केलं, "हे काय होय वो?"

"उडायची मोटर," मी म्हणाले. "मी बनवली."