ढेपेचा डबा आणि बारावी गाडी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. जळगावला राहून बी.ए. केलं, आणि कोणाच्या नोट्स न उतरवता केलं. त्यामुळे घरात कुठलाही सरकारी कागद आला की तो आधी माझ्यापुढे यायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नगरपालिकेची नोटीस आली, तीही तशीच आली.

नोटीस आमच्या डब्याबद्दल होती. वडिलांचं, म्हणजे आबांचं, गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. सरकीची ढेप, मीठ, भुसा. दुकान एवढंसं, की आत माणूस शिरला तर पोतं बाहेर काढावं लागे. म्हणून आबांनी पारोळ्याच्या भंगारवाल्या चाचांकडून जुन्या ट्रकची बंद बॉडी आणली आणि दुकानासमोर विटांवर बसवली. तेच आमचं गोदाम. पालिकेचं म्हणणं, व्यापारी जागेत दुकानापुढची जागा मोकळी पाहिजे, तिथे माल साठवायचं खोकं चालणार नाही. आठवड्यात हलवा, नाहीतर आम्ही उचलू. डबा गेला की ढेप उघड्यावर येणार, आणि भिजून बुरशी आलेल्या ढेपेला म्हैससुद्धा तोंड लावत नाही. म्हणजे दुकानच गेलं.

मी पालिकेत जाऊन नियम मागितला. कारकुनाने असं पाहिलं, जसं काही मी त्याचा जेवणाचा डबाच मागितला. तिथेच उभी राहून वाचला. मनाई खोक्याला होती. माल चढवायला-उतरवायला उभ्या केलेल्या वाहनाला नव्हती. घरी येऊन सांगितलं, आबा, चाकं लावा.

चाचांनी बैलगाडीचे दोन जुने आस टायरांसकट आणले आणि डब्याखाली बसवले. आबांनी विचारलं, हे टिकतील ना? चाचा म्हणाले, "आबा, इसे खडा ही तो रहना है. खडे रहने की पूरी गॅरंटी."

मुदत संपली तसे पालिकेचे बांधकामवाले साहेब आले. वाकून खाली पाहिलं. चाकापाशी आमची कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"साहेब, हाई गाडी शे," आबा सगळ्या गावाची साक्ष काढत म्हणाले. "बठ्ठा गावले माहीत शे."

"गाडी आहे ना, आबा? मग एकदा चालवून दाखवा. चालली तर गाडी, असं मी लिहून देतो."

खंडेरावाची यात्रा तोंडावर होती. आमच्याकडे यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकमेकींना बांधायच्या, वर माणसं लादायची आणि देवाच्या भगताने त्या एकट्याने ओढायच्या. मागून शंभरेक लोक ढकलत असतात, पण ते बोलायचं नसतं. त्या वर्षी गाड्या अकराच जमल्या. ज्याने त्याने ट्रॅक्टर घेतलेले. आबांनी बारावी म्हणून डबा देऊ केला. भगताने डब्याला एक चक्कर मारली आणि विचारलं, देवाला तरी विचारलंत का?

आबा म्हणाले, "देवले बारा गाड्या पाहिजेत. कसन्या, ते त्यानी सांगेल नही."

ढेप मात्र आबांनी आतच राहू दिली. काढून ठेवणार कुठे, हाच तर सगळा प्रश्न होता. गर्दीला काय माहीत, त्यांनी डबा रिकामा समजून खांदे लावले. साहेबांच्या आईचा गाडीवर बसायचा नवस होता, तो आईच्या वतीने साहेब फेडत होते. बसायला ऐसपैस जागा डब्याच्या टपावरच उरली होती. भंडारा उधळला, येळकोट झाला, आणि आमचं गोदाम साहेबांना घेऊन निघालं. चांगलं पालिकेच्या फाटकापर्यंत गेलं. तिथे मागचा आस कडाडला आणि डबा फाटकात बसला. वर साहेब, हळदीने पिवळेधमक.

ते उतरायच्या आत आबांनी खालून विचारलं, "चालनी का नही, साहेब?"

सगळी यात्रा ऐकत होती. साहेब म्हणाले, "चालली."

दुसऱ्या दिवशी पालिकेचं फाटक उघडेना. गिऱ्हाईक डबा शोधत तिथे आलं, म्हणून आबांनी डब्याचं दार उघडलं आणि पालिकेच्याच मोकळ्या जागेत ढेप विकायला बसले. नोटीस द्यायची सोय नव्हती. गाडी होती ना ती, साहेबांनी कबूल केलेली. उचलून फेकावी, तर तिच्यावर देवाचा भंडारा. शेवटी दुपारी पालिकेनेच आपला कचऱ्याचा ट्रॅक्टर जुंपला आणि डबा फरफटत आमच्या दुकानासमोर आणला. आबा पुढे होऊन ड्रायव्हरला सांगत होते, अजून थोडं मागे घे, डब्याखाली गवत उगवलं नव्हतं ना, त्या चौकोनावर. मोडक्या आसाखाली पुन्हा त्याच विटा सरकवल्या.

साहेब मागोमाग आले होते. कानामागची हळद अजून निघाली नव्हती. मी विचारलं, आता हे काय म्हणायचं? खोकं की गाडी?

त्यांनी विटांकडे पाहिलं, फाटकाची आठवण झाली असावी, आणि खिशातलं पेन काढलं. "दुरुस्तीसाठी उभी असलेली गाडी."

तसं लिहून घेतलं, सहीशिक्क्यासकट. आस आबांनी त्याच दिवशी चाचांकडे दुरुस्तीला पाठवला आणि सोबत निरोप दिला, घाई करू नका.