झाडांतली हजेरी

शुक्रवार, ९ जानेवारी. सुट्टी. कुवेतमधल्या फहाहीलच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जुनी चादर अंथरून मी स्कींना मेण लावते आहे. गरम इस्त्रीला मेणाची वडी टेकवायची, थेंब स्कीच्या तळावर पाडायचे, इस्त्रीनेच पसरायचे आणि निवलं की खरवडून काढायचं. दोन जोड आहेत. एक माझा, एक पूर्वाचा. गुरुवारी आम्ही दोघी जॉर्जियाला निघतो. पूर्वा माझ्याच खात्यात काम करते, पुण्याची आहे, आणि या वेळी पहिल्यांदाच माझ्याबरोबर बर्फातल्या झाडांतून स्कीवर उतरणार आहे. इस्त्री सेफ्टीचाचांची. देताना म्हणाले होते, "हिच्यानं परत शर्ट इस्त्री करू नकोस गो, नवरा मेणबत्ती होईल."

सेफ्टीचाचा माणसं मोजायचे. लग्नाच्या पंगतीत बसले की तर्जनी हळूच पानांवरून फिरायची. कंपनीच्या बसमध्ये चढताना मोजायचे, उतरताना मोजायचे. लिफ्टमध्ये आम्ही चारच जण असलो तरी चार. एकदा माझ्या घरी जेवायला आले, तेव्हा मी विचारलं, "चाचा, इथे कोण हरवणार आहे?" ते म्हणाले, "हरवल्यावर मोजून काय करू?" आणि आमटी वाढून घेतली.

शुऐबा इथल्या आमच्या कारखान्यात ते सेफ्टी सुपरवायझर होते. मूळ दापोलीकडचे. मी त्याच कारखान्यात इन्स्पेक्शन इंजिनियर, म्हणजे टाक्यांच्या आणि पाइपांच्या जोडांतली खोट शोधणं हे माझं काम. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी चाचा सगळ्यांना उभं करून तेच प्रश्न विचारायचे, हिंदी-मराठीच्या खिचडीत.

"सायरन झाला. कुठं जायचं?"

"असेंब्ली पॉइंट!"

"दोस्त आत राहिला. मागं वळायचं?"

"नहीं!"

"सख्खा भाऊ राहिला?"

"नहीं!"

"का नाही?" असं ते मग एखाद्या नवख्याला विचारायचे. तो गोंधळला की स्वतःच सांगायचे: तू वळलास की शोधायला एकाच्या जागी दोन झाले. ठरलेल्या जागी ये, उभा राहा, हजेरी दे. कोण कमी आहे ते कळलं की श्वासाचे नळे लावलेली माणसं आत जातील. वीस वर्षं त्यांनी हे घोटून घेतलं. एका वर्षी खरंच वायुगळती झाली, तेव्हा आम्ही सगळे काही मिनिटांत ठरलेल्या जागी उभे होतो. चाचांचं बोट फिरलं, आकडा जुळला. मग ते रस्त्याच्या कडेला खाली बसले. त्यांना काम सोडून बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

असा माणूस बर्फावर काय करतो, हा प्रश्न सगळेच विचारायचे. तरुणपणी ते एका कुवेती कुटुंबाकडे ड्रायव्हर होते. ते लोक हिवाळ्यात लेबनॉनच्या डोंगरांत जायचे आणि चाचांना सोबत न्यायचे, सामान उचलायला. तिसऱ्या वर्षी मालकाच्या मुलाने जुन्या स्की दिल्या. पाचव्या वर्षी चाचा मालकाच्या मुलाला शोधून आणत होते. दाबून सपाट केलेल्या वाटांवर त्यांचं मन रमत नसे. "ही तर समुद्राकाठची कॉर्निश. इथं पोरं, बाया, आइस्क्रीम," असं म्हणून ते दोरीपलीकडच्या फरच्या झाडांकडे बघत राहायचे. गाइडला विचारून, कुठे जायला परवानगी आहे ते नकाशावर नीट बघूनच शिरायचे, पण शिरायचे.

मी चाळिशीत, चाचांबरोबरच्या हिवाळी सहलींत, स्की शिकले आणि वाटेवर बरी झाले. झाडांत मात्र सारखी आपटायचे. दोन झाडांमधून ट्रक जाईल इतकी जागा असली तरी मी नेमकी खोडाकडे वळायचे. चाचांनी एका सकाळी माझ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला: "इंजिनियर बाय, तुझी नोकरी खोट बघायची. तू झाड बघतेस. जिथं नजर तिथं पाय. झाड बघू नकोस गो, मोकळं बघ."

कुवेतला परतल्यावर त्यांनी मला जवळच्या अहमदी गावातल्या बागेत नेलं. खजुराच्या दोन रांगांमधून भरभर चालायचं, नजर खोडावर न टेकवता. ते मागून ओरडायचे, "मोकळं!" बाकावर बसलेल्या मलयाळी नर्सेस आम्हाला बघून हसायच्या. पुढच्या हिवाळ्यात मी देवाचं नाव न घेता झाडांतून खाली आले.

बर्फातल्या झाडांसाठी त्यांचे नियम तीन. एकटं शिरायचं नाही. दोघांकडेही फावडं आणि शिट्टी. दहा झाडं ओलांडली की थांबायचं, शिट्टी द्यायची, दुसऱ्याची आली की पुढे. कारण खोडाभोवती फांद्यांच्या आडोशाने बर्फ भुसभुशीत राहतो आणि मोठा खड्डा तयार होतो. माणूस त्यात डोक्यावर पडला तर स्वतःहून निघत नाही. चौथी गोष्ट त्यांनी एकदा हॉटेलात चहा पिताना सांगितली होती: "इथं कारखान्याच्या उलट. शिट्टी आली नाय तर खाली नाय जायचं, जिथं आहेस तिथून वर." मी मान डोलावली होती.

शेवटच्या सहलीला रात्रभर बर्फ पडला होता. चाचा साठीजवळ आले होते. मी पुढे होते. दहा झाडं झाली, थांबले, शिट्टी दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. काही नाही. आणि मी खाली गेले.

मला कुणी विचारलं तर सांगता येईल असं कारण नाही. मी घाबरले नव्हते. उलट अगदी शांतपणे, पद्धतशीर, सपाट वाट धरून मी डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्याच्या खालच्या टपरीशी आले. चुकामूक झाली तर भेटायची ती आमची ठरलेली जागा. तिथे जाऊन मी उभी राहिले. ताठ. घड्याळ बघत. सात मिनिटं. मग माझ्या लक्षात आलं की मी हजेरी घेणाऱ्याची वाट बघते आहे, आणि हजेरी घेणारा वर राहिला आहे.

टपरीतल्या माणसाला खुणा करून, नकाशावर बोट ठेवून बचाववाल्यांना कळवायला लावलं आणि पाळण्यात बसले. त्या पाळण्याइतकं सावकाश यंत्र मी नोकरीतही पाहिलेलं नाही. वरून स्वतःच्याच खुणांवरून उतरले. दुसरी खूण जिथे माझ्या खुणेपासून डावीकडे फुटली होती, तिथे एका जाड फरच्या बुंध्याशी दोन स्कींची टोकं बर्फातून वर आली होती. बाकी माणूस खाली.

फावड्याने बाजूने उकरलं, वरून नाही. वरून उकरलं असतं तर बर्फ त्यांच्याच तोंडावर गेला असता. हेही त्यांनीच शिकवलेलं. आधी कोपर लागलं. त्यांनी हात चेहऱ्यापुढे आडवा धरून श्वासापुरती जागा राखली होती. मी तोंडाभोवतीचा बर्फ काढला. ओठ निळे, भुवया पांढऱ्या. डोळे उघडले. मग आवाज आला.

"हेडकाउंट झाला काय गो?"

"एक कमी होता," मी म्हटलं. आणि उकरत राहिले. बचाववाले येईपर्यंत चाचा कमरेपर्यंत बाहेर होते आणि माझा एक हातमोजा कुठेतरी गेला होता.

संध्याकाळी हॉटेलात चाचा ब्लँकेट गुंडाळून बसले असताना मी त्यांना सगळं सांगितलं. टपरी, सात मिनिटं, सगळं. लपवून काय मिळवायचं होतं?

"मी तीनदा शिट्टी दिली," ते म्हणाले. "बर्फ आवाज खातो."

"मी वर यायला हवं होतं, चाचा."

"हवं होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण ती चूक तुझी एकटीची नाय. वीस वर्षं मीच शिकवलीय. चहा पिताना एकदा सांगून ती जाते काय? पाठ केलेलं पायांत असतं, बाय. पायांतूनच काढायला हवं."

कुवेतला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला पुन्हा खजुरांत नेलं. पडताना दुखावलेला त्यांचा खांदा अजून बरा नव्हता, तरी आले. ते मागून नाहीसे व्हायचे, आणि मी शिट्टीला उत्तर नाही म्हणून मागे त्यांना शोधायला पळायचे. सलग चार शुक्रवार. शेवटच्या दिवशी घड्याळ बघून "हां" एवढंच म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. विमानतळावर आम्ही कारखान्यातले काही जण पोचवायला गेलो होतो. आत जाण्याआधी त्यांचं बोट आमच्यावरून फिरलं. "नऊ," म्हणाले आणि ट्रॉली ढकलत गेले. आता गावी असतात. किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, त्यातून रोज चालतात. परवा फोनवर पूर्वाबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "पोरीच्या पायांतून काढलंस काय?"

"अजून नाही."

"मग तिकीट कशाला काढलंस?"

शनिवार, १० जानेवारी. आज सकाळी साडेसातला पूर्वाला अहमदीच्या बागेत नेलं. नियम समजावले, शिट्टी दिली. हुशार आहे, सगळे धडाधड म्हणून दाखवले, चौथाही. तिला पुढे पाठवलं आणि मी एका जाड खजुरामागे मातीत बसले. तिची शिट्टी आली. मी गप्प. दुसरी आली. मग तिची पावलं ऐकू आली, घाई नसलेली, शिस्तीची, पार्किंगकडे जाणारी. डोकावून पाहिलं तर बाई माझ्या गाडीशी ताठ उभी होती आणि घड्याळ बघत होती.

मी बसून राहिले. नऊ मिनिटं झाली, तेव्हा ती धावत आली. "ताई! अहो, इथे काय बसलाय? मी तिकडे वाट बघतेय!"

"मी मेले," मी कपडे झटकत म्हटलं. "चल, पुन्हा."

सहाव्या खेपेला ती दुसऱ्या शिट्टीनंतर वळली आणि थेट झाडांत शिरली. तिचा हात माझ्या खांद्यावर पडला तेव्हा घड्याळात चाळीस सेकंद झाले होते. मी चाचांना आकडा पाठवला.