सगळे चिंचोके पुढे

आमच्या कोल्हारच्या घरात दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी पत्ते बसतात. पैसे नाहीत, चिंचोके. शेवटी ज्याच्याकडे सगळे चिंचोके जमतील त्याने एक गोष्ट मागायची आणि घराने ती द्यायची. नवऱ्याने एकदा मोठा टीव्ही मागून घेतला. पुण्यात राहणारे धाकटे दीर जिंकले त्या वर्षी त्यांनी तीन पत्तीच्या जागी पोकर मागितलं, तेव्हापासून पोकर.

मला मागायचे होते दहा गुंठे. माझं शिक्षण शेतीचं, लग्न झाल्यापासून भाजीच्या रोपांची नर्सरी टाकायचं मनात. पण घरची जमीन सगळी उसाखाली. आधी मी सासऱ्यांकडे गोठ्यामागची जागा मागितली, मग गच्चीचा कोपरा, मग नुसते चार ट्रे ठेवायला ओसरी. दर वेळी एकच उत्तर, "बगू." यंदा दिवाळीनंतर खोडव्याचा ऊस तुटून नदीकडचं रान मोकळं होणार होतं. त्यात पुन्हा ऊस पडला की दोन-तीन वर्षं बोलायचीच सोय नाही.

पण जिंकणार कशी? मी ही अशी तापट! दिरांनी चिंचोके वाढवले की "बघतेच तुमच्याकडे!" म्हणून मी आपली भरतच जायचे, आणि थोड्याच वेळात हात हलवत पोळ्या लाटायला. "वहिनी बसल्या की आमची दिवाळी," असं वर दीर चिडवायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून श्रावणापासून मी एका परदेशी बाईचे व्हिडिओ लावले. पोकरच्या स्पर्धा खेळणं हाच तिचा धंदा. दुपारी लसूण सोलता सोलता मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवायचा. पहिले काही दिवस वैताग आला. बाई खेळेचना! दोन पानं बघायची, टाकून द्यायची. बघायची, टाकायची. अगं, खेळ की बये! मग हळूहळू कळलं, ती पानं कमी आणि माणसं जास्त बघते.

एकदा तिचा चकत्यांचा ढीग, म्हणजे आमचे चिंचोकेच, फार उतरला. स्पर्धेत प्रत्येकाला पाळीपाळीने काही लावावंच लागतं आणि ते वाढत जातं, त्यामुळे नुसतं बसून राहिलं तरी ढीग झिजतो. तिच्या शेजारचा माणूस थोडं लाव, घाबरून सोड, असं करत संपला. हिने बरी पानं येताच होतं तेवढं सगळं पुढे ढकललं. नंतर सांगत होती, ढीग दुसऱ्याला जड वाटतोय तोवरच सगळा लावायचा, मूठभर उरल्यावर कोणी भीत नाही. माझा लसूण तसाच हातात राहिला. गोठा, गच्ची, ओसरी. तो शेजारचा माणूस म्हणजे मीच की!

पाडव्याला मी तोंडाला कुलूप लावून बसले. पानं टाकत राहिले. "वहिनी, बरं नाही का?" दिरांनी विचारलं. ढीग निम्म्यावर आला तेव्हा सगळा पुढे लोटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चक्क पानं टाकली! पुन्हा तसंच. नवरा आधीच उठला होता, मग दीर उठले, समोर राहिले सासरे. माझ्याकडे एक्का आणि सत्ती. सगळं लावलं. त्यांनीही लावलं, राणी आणि नव्वीवर. मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उलटतात, त्यातली चार कोणाच्याच कामाची नाहीत, म्हणजे माझा एक्का वर. पाचवं पान उलटलं. राणी. त्यांची जोडी झाली.

"आण्णा, जिंकलात! मागा!" दीर ओरडले.

माझ्यापुढे एकही चिंचोका नव्हता. रडू येत होतं, रागही येत होता, आणि एकदम वाटलं, पत्त्यांवर कशाला सोडायचं? सासऱ्यांना म्हटलं, "मामा, मला नदीकडचे दहा गुंठे पाहिजेत. रोपांची नर्सरी करायची आहे. गोठा नको, गच्ची नको. दहा गुंठे."

नवऱ्याने मान खाली घातली. सासरे चिंचोक्यांत बोटं फिरवत राहिले.

"पानी कुठून घेनार?"

आमच्याकडे ज्या रानाला नाही म्हणायचं असतं, त्याच्या पाण्याची चौकशी कोणी करत नाही.

"विहिरीवरून," मी म्हटलं.

"तिथली मोटर न्हाई वढायची." ते पोरांकडे वळले. "मंग हेच माजं मागनं. हिरीवर नवी मोटर बसवा."