मनगटाची दोरी

"हाईस न्हवं?" असं विचारताना अण्णा समोरच्याचं मनगट ओढायचे. हिसका आधी, बोलणं नंतर. रामनगरच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. नवख्याला वाटायचं, हा भांडायलाच उठला. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, हात लावल्याशिवाय ज्याला माणसाची खात्री पटत नाही.

ही खोड पाण्यातली. जोयड्याकडं धरणात कुणी बुडालं की त्याला शोधायला अण्णांना आणि मला बोलावणं यायचं. पाठीवर हवेचे सिलिंडर आणि दोघांच्या मनगटांना बांधलेली एकच दोरी. खाली गाळामुळं स्वतःचा हात दिसत नाही. एक हिसका म्हणजे 'हाईस न्हवं?' उलट हिसका म्हणजे 'हाय.'

पण अण्णांना दम कुठला! जरा उशीर झाला की दुसरा हिसका, लगेच तिसरा. वर आलो की मी करवादायचो, "अण्णा, हात मुळासकट उपटताय काय?"

"मग जबाब दे की लवकर! झोपलावतास काय?"

वहिनी हसायच्या. "झोपेत बी माझा हात वढत्यात. 'हाय' म्हटल्याबिगर घोरत न्हाईत."

गेल्या उन्हाळ्यात आमची दोरी पाण्यातल्या एका बुडालेल्या झाडात अडकली. मी ओढून ओढून दमलो, जबाब येईना. त्या धडपडीत माझी हवा संपत आली, तेव्हा दोरी कापून वर आलो. अण्णा खालीच. थोड्या वेळानं निवांत वर आले.

"तू वर कवा आलास? आत्ताच जबाब दिलास की!"

अण्णा ओढायचे तेव्हा फांदी वाकायची. सोडलं की ती ताठ व्हायची आणि दोरीला हिसका बसायचा. अण्णांना वाटलं, मीच. हे कळलं तसं त्यांचं तोंड उतरलं.

"म्हंजे मी लाकडासंगं बोलत बसलो, आन् तू तिकडं..."

त्या दिवसापासून ते पाण्यात उतरले नाहीत. मी मात्र दुसरा कुणी जोडीदार म्हटलं की काहीतरी सबब सांगून टाळायचो.

परवा एक मासेमारी करणारा पोरगा बुडाला. मी अण्णांना गळ घातली. आले बिचारे. गुडघाभर पाण्यात उभे राहिलो, मी दोरी बांधायला घेतली, तर त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"चला अण्णा."

"व्हय, जायाचं हाय रं. पाय उचलंना."

काठावर पोराची आई आमच्याकडं टक लावून बसलेली. मी एकेक बोट सोडवलं. "तुम्ही काठावर थांबा. मी येतो." त्यांनी मान हलवली. मी बरोबर आलेल्या दुसऱ्या पाणबुड्याला घेऊन उतरलो. पण खाली माझा जीव लागतच नव्हता.

पोरगा सापडला, पण जीव गेलेला. त्याला घेऊन वर आलो. त्याच्या आईसमोर ओरडू नये हे कळत होतं मला, तरी ओरडलोच, "अण्णा, आलो बघा वर!"

काठावरची माणसं म्हणाली, तुम्ही पाण्याखाली गेलात तसे अण्णा निघून गेले. ओल्या कपड्यांनिशी, मिळाली त्या गाडीत बसून.